सर्व साहित्य एका ट्रेमध्ये

बुधवारी सकाळी मेहुण्याचा फोन आला, तेव्हा वेलांटीकाका जिन्याखालच्या फलकावरची सोसायटीची नोटीस लाल पेनाने तपासून नुकतेच वर आले होते. 'पाणि' मधली वेलांटी दीर्घ करणे, 'सहकार्य करावी' चे 'करावे' करणे, अशी किरकोळ कामं. त्यांना हे काम कोणी सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासल्यावर निवृत्त झालेल्या माणसाकडे मजकूर आपणहून येईनासा होतो, म्हणून ते मजकुराकडे जात, इतकंच. त्यांचं खरं नाव दारावरच्या पाटीवर होतं; तिच्याकडे कोणी बघत नसे. सगळी इमारत त्यांना वेलांटीकाकाच म्हणे, आणि पोस्टमनसुद्धा.

"भाऊजी," मेहुणा म्हणाला, "रविवारी येतोय. ताईला दीड महिना आमच्याकडे घेऊन जातो. प्लॅस्टर निघेपर्यंत."

काकूंचा उजवा हात पंधरा दिवसांपूर्वी मोडला होता. माळ्यावरचा डबा काढायला स्टुलावर चढल्या आणि डब्यासकट खाली आल्या. तेव्हापासून दोघं खानावळीच्या डब्यावर होती. त्या डब्यात रोज एक भाजी येई आणि ती कसली आहे यावर दोघांचं एकमत होत नसे.

"तुमच्याकडे स्वयंपाकाची सोय ती काय!" मेहुणा पुढे म्हणाला. "डब्यावर हाडं जुळत नाहीत."

दीड महिना म्हणजे पंचेचाळीस दिवस. त्या वेळी जे बोलायला हवं होतं ते त्यांच्या ओठांवर आलंच नाही; आलं ते भलतंच.

"रविवारी जेवायलाच या," ते म्हणाले. "मी करतो."

"काय करता?"

"स्वयंपाक."

पलीकडून पेन टकटकल्याचा आवाज आला. मेहुणा विमा कंपनीत होता. जोखीम किती ते मोजत असावा.

फोन ठेवल्यावर काकूंनी आधी आपल्या प्लॅस्टरकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "चहा सोडून तुम्ही आजवर काय केलंय?"

"कॉफी," काका म्हणाले. "आणि एक अट आहे. तू एक अक्षर बोलायचं नाहीस. तू सांगितलंस की ते तुझं झालं. मला माझं करून दाखवायचंय."

"बरं," काकू म्हणाल्या. इतक्या चटकन, की दुसरा कोणी असता तर सावध झाला असता.

आता काकांना स्वयंपाकातलं काही कळत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. सातशे पाककृतींचं एक जाडजूड पुस्तक त्यांनी तीन वेळा तपासलं होतं. मुद्रितशोधक म्हणून आतल्या पानावर त्यांचं नाव होतं. 'चिरणे' आणि 'कापणे' यांतला फरक त्यांना ठाऊक होता, 'मंद आच' दोन शब्द आहेत हे ठाऊक होतं. फक्त शेगडीजवळ उभं राहण्याचा योग आला नव्हता. त्यांनी कपाटातून पुस्तक काढलं आणि दुपारभर वाचून क्रमांक चारशे बाराची निवड केली: 'ओव्हनमधला मसूर व भाज्या'. निवडीची कारणं सबळ होती. कृती एकाच वाक्यात संपत होती. ढवळणं, परतणं, उलथणं यांतलं एकही क्रियापद तिच्यात नव्हतं. 'सर्व साहित्य एका ट्रेमध्ये पसरून, ट्रे घट्ट झाकून, गरम ओव्हनमध्ये एक तास ठेवावा.' असं वाक्य काकांना आवडे. कर्ता नाही, तक्रार नाही, आणि चूक करायला जागा नाही.

ओव्हन घरात होता. अकरा वर्षांपूर्वी मुलीने लग्नाच्या वाढदिवसाला दिलेला, चांगला ऐसपैस. त्यात इतकी वर्षं जुनी वीजबिलं, कुकरच्या रिंगा आणि हरवली म्हणून ज्यांची नवी प्रत काढली होती ती कागदपत्रं असत. गुरुवारी सकाळी काकांनी तो रिकामा केला, पुसला, आणि वायर सोडवली. वायरीच्या टोकाला तीन जाड पाय होते. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या भोकांत त्यांतला एकही जाईना.

वायरमन आला. खिशात टेस्टर, कानामागे पेन्सिल. त्याने प्लग पाहिला, भिंत पाहिली, काकांकडे पाहिलं.

"हा पॉवर पॉइंट मागतो, काका. तुमच्या किचनला पॉवर नाही."

"मग द्या."

"असं देता येत नाही. मीटरपासून नवी वायर ओढायला लागेल. आणि त्याआधी वीज कार्यालयातून लोड वाढवून आणा. नाहीतर उद्या काही झालं तर नाव माझं." मग जरा वाकून त्याने विचारलं, "करणार काय याच्यात?"

"मसूर आणि भाज्या."

"वांगं घालू नका. काळं पडतं," वायरमन म्हणाला आणि गेला.

शुक्रवारी काका वीज कार्यालयात गेले. खिडकीतल्या कारकुनाने चार पानी अर्ज पुढे सरकवला. काका बाकावर बसून भरू लागले. पहिल्याच ओळीत 'विज' ऱ्हस्व होती. त्यांनी दुर्लक्ष करून पाहिलं. दुसऱ्या पानावर 'अर्जदारचे पूर्ण नाव' आलं, तिसऱ्यावर 'मंजूरी'. माणूस किती सोसणार? त्यांचा हात आपोआप खिशातल्या लाल पेनाकडे गेला. अर्ज परत खिडकीशी पोचला तेव्हा त्यात काकांची माहिती निळ्या शाईत आणि शासनाच्या चुका लाल शाईत होत्या. लाल जास्त होतं.

कारकुनाने अर्ज दोन बोटांत धरला. "हे काय?"

"दुरुस्त्या. पुढच्या छपाईला उपयोगी पडतील."

"अर्जावर खाडाखोड चालत नाही. नवा भरा."

नवा भरला. या वेळी काका भरताना डोळे अर्धे मिटून होते.

"ओव्हन घरगुती की व्यावसायिक?"

"घरगुती. मेहुणा जेवायला येणार आहे."

"किती माणसं?"

"तीन."

"मग घरगुती," कारकुनाने शिक्का मारला. "सोसायटीचं संमतीपत्र जोडा. पंधरा दिवसांत साहेब पाहणीला येतील."

"मेहुणा परवा येणार आहे."

"साहेबांना त्याच्याशी काही नाही," कारकून म्हणाला. खिडकी लावता लावता त्याला दया आली असावी. "मसूर भिजवलात का पण? आमच्या घरी भिजवतात."

सोसायटीचं संमतीपत्र म्हणजे केमिस्ट्रीचे सर. ते कॉलेजातून निवृत्त झालेले, काकांच्या समोरच्या दारात राहणारे आणि सोसायटीचे सेक्रेटरी. 'पाणि' त्यांचंच होतं. साहजिकच संमतीपत्र लिहिताना ते काकांकडे एकसारखे पाहत होते.

"संमतीला दीर्घ का?"

"ती-ला दीर्घ," काका शक्य तितक्या नम्रपणे म्हणाले.

सही केल्यावर मात्र सरांचा उत्साह वाढला. ओव्हन ही शेवटी प्रयोगशाळेच्या जवळची गोष्ट. "तापमान महत्त्वाचं," ते म्हणाले. "तुमच्या बटणावर विश्वास ठेवू नका. माझ्याकडे थर्मामीटर आहे. आणि गाजराचे तुकडे एकसारखे पाहिजेत. दीड सेंटिमीटरचा घन. नाहीतर एक शिजेल, दुसरा बसून राहील."

शनिवारी वायरमनने तोडगा काढला. घरात एक पॉवर पॉइंट होता, तो गीझरचा, बाथरूमच्या दाराबाहेर. "तात्पुरता गीझर काढा, हा लावा. अंघोळ गॅसवर पाणी तापवून." अशा रीतीने घरातला ओव्हन बाथरूमच्या दारात, काकू ज्यावरून पडल्या त्याच स्टुलावर बसला. पलीकडे बादली, अलीकडे पायपुसणं. काकूंनी खुर्ची पॅसेजमध्ये ओढून घेतली आणि त्या बघत बसल्या. त्यांनी तोंड उघडलं नाही.

दुपारी पहिला प्रयोग झाला. काकांनी पुस्तकातल्या यादीच्या क्रमाने सर्व काही ट्रेमध्ये पसरलं: मसूर, गाजर, लाल भोपळा, टोमॅटो, तेल, लसूण, मीठ, वर लिंबाच्या चकत्या. कापायला त्यांना दीड तास लागला. पसरताना मागून काकू एकदा खोकल्या. ट्रे झाकला, आत ठेवला, घड्याळ लावलं. बाथरूमच्या दिशेने भाजत्या लसणाचा वास येऊ लागला. या घरात असं कधी घडलं नव्हतं. काका खूश झाले. सर थर्मामीटर घेऊन उकिडवे बसले आणि दर पाच मिनिटांनी आकडा सांगू लागले.

तासाने ट्रे उघडला. भाज्या कडेने करपल्या होत्या, मधे सुकल्या होत्या. काकांनी डाव भरून ताटलीत घेतला, तेव्हा मसूर ताटलीत टणटण वाजत पडला. सरांनी एक दाणा दाढेखाली धरला, दाबला, आणि काढून हातावर ठेवला. त्याला काही झालं नव्हतं.

"भौतिक बदल," सर म्हणाले. "रासायनिक झालेला नाही."

काकांनी पुस्तक उचललं. चूक आपली असणं शक्य नव्हतं. त्यांनी शब्द न् शब्द पाळला होता. साहित्याच्या यादीवरून बोट फिरवलं. पाच, तेल. सहा, लसूण. सात, मीठ. नऊ, लिंबू.

बोट परत वर गेलं. सात, मीठ. नऊ, लिंबू.

आठवा क्रमांक नव्हता. तिसऱ्या आवृत्तीत, त्यांच्या डोळ्यांखालून तीनदा गेलेल्या पानावर, आठवा क्रमांक नव्हता. काका पलंगाच्या कडेला बसले. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो ऱ्हस्वांचे दीर्घ केले होते, आणि एका पानातून अख्खा पदार्थ निघून गेला तो दिसला नाही. किती घरांत तो मसूर असा वाजला असेल कोण जाणे! सरांना काय झालंय ते कळलं नाही, पण काहीतरी गंभीर आहे एवढं कळलं. ते थर्मामीटर पुसून हळूच निघून गेले.

बऱ्याच वेळाने काका पॅसेजमध्ये आले.

"आठवा पदार्थ कोणता असेल?"

"मला बोलायला बंदी आहे," काकू म्हणाल्या.

काकांनी घसा साफ केला. "आठव्या क्रमांकापुरती बंदी उठवली आहे."

"पाणी," काकू म्हणाल्या. "मसुराच्या अडीचपट. उकळतं. तुम्ही कोरडा मसूर पसरत होतात तेव्हा खोकले होते मी."

रविवारी काका सातला उठून कापायला बसले. सरांच्या दीड सेंटिमीटरच्या नादाने त्यांनी गाजरापाशी पट्टी घेतली होती, पण गाजराला ती मान्य नव्हती. पावणेदहाला ट्रे तयार झाला. वर उकळतं पाणी, वर झाकण, आत ट्रे. काकांनी बटण फिरवलं.

शनिवारी दुपारी इमारतीत कोणी काही चालवत नव्हतं. रविवारी सकाळी पावणेदहाला मात्र सगळ्या घरांत गीझर चालू होते, कपडे धुवायची यंत्रं फिरत होती, इस्त्र्या तापत होत्या. खाली मीटरच्या खोलीतून 'ठॉक' असा आवाज आला आणि चारी मजल्यांवरचे पंखे हळूहळू थांबले. मग आठही घरांतून एकाच वेळी एकच प्रश्न ऐकू आला. काकांना उत्तर माहीत होतं.

वायरमनला फोन केला. तो तीनला येतो म्हणाला. मेहुणा साडेबाराला पोचणार होता.

काकांनी ट्रे बाहेर काढला. कुठे न्यायचा ते ठरलं नव्हतं, पण घरात ठेवून काही होणार नव्हतं हे नक्की होतं. दोन्ही हातांत फडकी, मधे डचमळणारा ट्रे, असे ते जिना उतरू लागले. दुसऱ्या मजल्याच्या वर लिफ्टच्या जाळीतून दोन बूट दिसले. बुटांच्या वरून आवाज आला.

"कोण आहे? वेलांटी? मी आत आहे!"

केमिस्ट्रीचे सर दोन मजल्यांच्या मधे लटकले होते. वॉचमन गच्चीवर चाक फिरवायला गेला होता आणि लिफ्ट बोटभर बोटभर खाली येत होती. काकांना पुढे जाववेना. ज्याच्यामुळे माणूस अडकला त्याने निदान त्याच्याबरोबर उतरावं, असं त्यांना वाटलं. ते एकेक पायरी उतरत राहिले आणि सर जाळीच्या आतून त्यांच्या बरोबरीने.

"तुमचाच ओव्हन ना?"

"हो."

"वाटलंच मला. संमतीपत्र मीच दिलंय म्हणा." लिफ्ट वीतभर खाली आली. आता सरांचा चष्मा दिसू लागला. "ट्रेमध्ये पाणी घातलंत?"

"अडीचपट."

"वा! मग आता फक्त उष्णता पाहिजे. आपल्या कोपऱ्यावरची बेकरी आहे ना, तिची भट्टी लाकडावर चालते. विजेचा काही संबंध नाही. तिकडे न्या."

तीन दिवसांत सरांनी दिलेल्या सल्ल्यांपैकी हा पहिला उपयोगी होता. काकांनी मान लववली, त्याबरोबर थोडं पाणी सांडलं, आणि ते निघाले.

बेकरीवाला शटर अर्धं ओढून बसला होता. रविवारचे पाव निघून गेले होते. पोटाला पिठाचा एप्रन, भुवयांवर पीठ. त्याने ट्रेवरचं झाकण उचललं.

"हे विकायला आणलंत का?"

"नाही. हे मेहुण्याला खायला," काका म्हणाले, आणि मग त्यांनी सगळंच सांगून टाकलं: प्लॅस्टर, पंचेचाळीस दिवस, आठवा क्रमांक, लिफ्ट. इतकं सलग ते कित्येक वर्षांत कोणाशी बोलले नव्हते.

बेकरीवाल्याने ऐकून घेतलं. भट्टीच्या तोंडाशी हात धरून मनात आकडे मोजले. "उतरती आहे, पण मसूर होईल. पावणेदोन तास." सांडलेल्या पाण्याच्या जागी त्याने किटलीतून दोन पेले उकळतं पाणी घातलं, ट्रेवर दुसरा ट्रे पालथा घातला, आणि लांब फावड्याने सगळं आत सारलं. काका पिठाच्या पोत्यावर बसून राहिले.

साडेबाराला ट्रे निघाला. मसूर फुटून मऊ झाला होता, भोपळा कडेला विरघळला होता, टोमॅटोचा रस सगळीकडे गेला होता. बेकरीवाल्याने वरचं झाकण काढून तो पुन्हा पाच मिनिटं आत ठेवला, रंग यायला. आता ट्रे इतका तापला होता की एकट्याने उचलणं शक्य नव्हतं. तेव्हा एका बाजूने काका, एका बाजूने बेकरीवाला, असे दोघं रस्त्याने निघाले. त्याच वेळी मेहुण्याची गाडी इमारतीशी थांबली.

मेहुण्याने काच खाली केली. आधी ट्रे पाहिला, मग एप्रन.

"अरे वा, भाऊजी! बेकरीतून मागवलंत होय!"

चार दिवसांचे सगळे अपमान काकांनी गिळले होते. हा घशात अडकला. बोलला तो बेकरीवाला.

"मागवलंय कुठलं! माझी फक्त भट्टी. बाकी सगळं यांचं. गाजर बघा ना साहेब, एक तुकडा दुसऱ्यासारखा नाही. असं विकत मिळत नाही."

मेहुण्याने तीन वेळा वाढून घेतलं. लिफ्टमधून सुटलेल्या सरांनाही बोलावलं होतं. त्यांनी पहिला घास दाढेखाली धरून थांबून पाहिलं, मग मान डोलावून पुढे चालू ठेवलं. काकू डाव्या हाताने चमच्याने खात होत्या. "मीठ बरोबर आहे," त्या म्हणाल्या. काका दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. चौतीस वर्षांत त्यांच्या कुठल्याही कामाकडे कोणी असं बघितलं नव्हतं. मुद्रितशोधकाचं काम चांगलं झालं की ते दिसतच नाही.

ताटली पुसून मेहुणा म्हणाला, "चला! काळजी मिटली."

"मिटली ना?" काका म्हणाले.

"म्हणजे काय! ताई बुधवारपासून मला फोनवर सांगत होती, मी येत नाही, हे उपाशी राहतील. मी म्हटलं बघू या तरी. आता काय, तुम्ही राजासारखे राहाल. ताई, बॅग भर. चारच्या आत निघू."

काकांनी चौकट घट्ट धरली. ओव्हन, अर्ज, संमतीपत्र, लिफ्ट, भट्टी. एवढं सगळं करून त्यांनी नेमकं तेच दार उघडून दिलं होतं जे त्यांना लावायचं होतं. त्यांनी काकूंकडे पाहिलं. काकू ताटलीतला शेवटचा दाणा गोळा करत होत्या आणि वर बघत नव्हत्या.

"तिला नेऊ नका," काका म्हणाले.

"का? आता तर जेवणाचा प्रश्न..."

"जेवणाचा नाही हो." काकांचा आवाज जरा चढला. सरांनी चमचा खाली ठेवला. "मला करमणार नाही."

खोलीत कोणी हललं नाही. पंखासुद्धा नाही, वायरमन अजून यायचा होता. काकांचे कान लाल झाले. वाक्य मेहुण्यासमोर, सेक्रेटरीसमोर बोलून झालं होतं, आणि बोललेलं वाक्य लाल पेनाने काढता येत नाही.

काकूंनी मान वर केली. "बुधवारी फोनवर हेच सांगायचं होतं ना?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीत?"

"सुचलं नाही. मसूर सुचला."

काकू हसल्या. आधी थोडंसं, मग प्लॅस्टर पोटाशी धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. सरांना हसावं की नाही ते ठरवता येईना. मेहुणा बहिणीकडे बघत राहिला आणि मग त्याने हात जोडले. "मी नेत नाही, बाई. पण उरलेलं मला डब्यात भरून द्या. घरी सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही."

काकांनी मोठ्या मनाने ट्रे खरवडून सगळंच्या सगळं त्याच्या डब्यात भरलं. गाडी गेली. सर गेले. तीनला वायरमन आला, पंखे फिरू लागले आणि इमारतीतून एक सुस्कारा ऐकू आला. काका आरामखुर्चीत बसले, पाय लांब केले, डोळे मिटले. आयुष्यात एक काम शेवटापर्यंत नेल्याचं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरलं होतं.

"अहो," काकू म्हणाल्या.

"हं?"

"खानावळीचा डबा रविवारी संध्याकाळी नसतो."

काकांनी एक डोळा उघडला.

"मग?" ते म्हणाले.

"मग काही नाही," काकू म्हणाल्या. "रात्रीला काय करताय?"